मास्तर जागे झाले

गाडी शिकवण्यात मास्तरांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. शिकणारा कसाही असो, मास्तर बाजूच्या सीटवर हाताची घडी घालून गप्प. ना ओरडा, ना टोमणा. माणसं निर्धास्त शिकत आणि पहिल्या फटक्यात पास होत. गुपित एवढंच, की काळ्या चष्म्याआड मास्तर गाढ झोपलेले असत.

बिचाऱ्यांचा दोष नव्हता. रात्री घोरता घोरता त्यांचा श्वासच अडायचा, दचकून जाग यायची, की पुन्हा तेच. बायको उशाशी त्यांचे श्वास मोजत बसायची. शेवटी तिनंच त्यांना धरून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई मास्तरांकडेच गाडी शिकत होत्या. त्यांनी दातांचे ठसे घेतले आणि खालचा जबडा पुढे ओढून धरणारा साचा करून दिला.

"रोज रात्री घाला. श्वासाची वाट मोकळी राहील."

पहिल्या रात्री लाळेनं उशी भिजली, सकाळी घास चावेना. आठवड्याभरात मात्र मास्तर ढाराढूर झोपू लागले. बायकोही झोपली.

आणि सोमवारी मास्तर वीस वर्षांत पहिल्यांदा जागेपणी शिकवायला बसले. अरे देवा! माणसं अशी गाडी चालवतात?

"अहो खांब! खांब!" मास्तर किंचाळले आणि आपल्या बाजूचा ब्रेक करकचून दाबला. खांब पलीकडच्या फुटपाथवर होता. तीन दिवसांत चार शिकाऊ पळाले.

ड्रायव्हिंग स्कूलचा मालक म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो म्हणाला, "दाजी, तुम्हाला झालंय तरी काय? शुक्रवारी डॉक्टरीणबाईंची परीक्षा आहे. त्या नापास झाल्या, तर तुम्ही आपले ऑफिसात फॉर्म भरत बसा."

मास्तरांचं धाबं दणाणलं. गाडीशिवाय त्यांना दुसरं येत काय होतं? साचा फेकून द्यावा असंही मनात आलं. पण मग बायको पुन्हा श्वास मोजत बसणार. तेही बघवेना.

गुरुवारी सकाळी शेवटचा सराव. बाईंनी गाडी सुरू केली, तोच मास्तर ओरडले, "सांभाळा!" गाडी अजून जागची हलली नव्हती.

बाईंनी इंजिन बंद केलं. "मास्तर, आज साचा दाखवायला आणणार होतात ना? कुठंय?"

"हा काय, खिशात."

"घाला तोंडात. आणि ब्रेकवरचे पाय वर घेऊन मांडी घालून बसा."

"आत्ता? भर दिवसा?"

"डॉक्टर कोण आहे?"

मास्तरांनी निमूटपणे साचा घातला. खालचे दात वरच्या दातांशी जखडले गेले. पहिल्या चौकात बस समोर आली तेव्हा "म्म्म्म!" असा आवाज आला. दुसऱ्या चौकात नुसतं "म्म". तिसऱ्या वळणापर्यंत बाई चक्क गुणगुणायला लागल्या होत्या.

शुक्रवारी त्या पास झाल्या. पळालेले चौघेही परत आले. मास्तर पुन्हा पहिल्यासारखे शांत झालेत, असं सगळे सांगतात, फक्त जबडा जरा पुढे आलाय म्हणे. काळ्या चष्म्याआड डोळे मात्र आता सताड उघडे असतात, आणि प्रत्येक वळणावर पाण्यानं भरून येतात.