जलानंद महाराजांची सळई

कोरवड नगरपालिकेच्या आवारात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. झेंडावंदनाला चार माणसं जमत नाहीत असं हे गाव. पण पाण्यातून पाप बाहेर काढून दाखवणार म्हटल्यावर शिंदखेड्याकडूनही लोक रिक्षा करून आले होते.

टेबलावर काचेचे दोन पेले होते. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात महाराजांच्या तांब्याच्या यंत्रातून आलेलं. दोन्ही सारखीच नितळ. जलानंद महाराजांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि दोन्ही पेल्यांत दोन-दोन सळया सोडल्या. सळयांना वर वायर होती आणि वायर भिंतीतल्या बोर्डात गेली होती. तिच्याकडे कोणी बघितलं नाही. सगळे पेल्यांकडे बघत होते.

नळाचं पाणी आधी पिवळं झालं, मग तांबूस, मग त्यात काळपट गाळाच्या गुठळ्या तरंगायला लागल्या. महाराजांचं पाणी होतं तसंच राहिलं.

"हाऊ बठ्ठा गाळ आमना पोटमा जास का?" पुढे बसलेल्या दगडीबाईनं विचारलं.

"माई, हा गाळ नाही, ही पाण्याची पीडा आहे," महाराज म्हणाले. "पाण्याला स्मृती असते. धरणातून निघताना ते दुःखी असतं. माझं यंत्र त्याला आठवण करून देतं, की बाळ, तू गंगा आहेस."

पाण्याला एवढं सगळं आठवत होतं. आपण गटारातल्या फुटक्या पाइपातून आलो, तेवढंच काय ते विसरलं होतं.

पहिल्या रांगेत रतनलाल बसला होता. दादर जातीच्या ज्वारीचा जुना व्यापारी. त्याची बायको कुसुमलता मागच्या वर्षी काविळीनं गेली. धुळ्याच्या डॉक्टरांनी पाण्याचं नाव घेतलं होतं. रतनलालच्या गल्लीचा पाइप गटारातूनच जातो आणि तो कुजला आहे, हे गल्लीतल्या लहान पोराला माहीत होतं. कुसुमचं दिवसकार्य झाल्यावर रतनलाल पालिकेत गेला, तर साहेबांनी त्यालाच विचारलं होतं, की बाई पाण्यानंच गेल्या याला पुरावा काय? तो खाली मान घालून परत आला होता. आज पुरावा पेल्यात तरंगत होता. त्याचे डोळे भरून आले.

हे एका माणसाच्या बरोबर लक्षात आलं. नगराध्यक्ष लताबाई होत्या, पण सही सोडून बाकी सगळा कारभार त्यांचे यजमान जीवराम नाना बघत. नानांनी रतनलालच्या खांद्यावर हात ठेवला. टाकीवर हे यंत्र बसवायचं ठरतंय, मंजुरीच्या सभेत तुम्ही चार शब्द बोला, वहिनींच्या आत्म्याला शांती लाभेल, असं म्हणाले. रतनलालनं मान हलवली.

नगरपालिकेला काही घ्यायचं तर निविदा काढावी लागते. ती काढली होती, अगदी नियमानं. अटी अशा होत्या, की यंत्र तांब्याचं असावं, त्यावर कमळ कोरलेलं असावं आणि पुरवठादाराला बारा वर्षांच्या जलसाधनेचा अनुभव असावा. एवढ्या कडक स्पर्धेत तिघे उतरले. एक महाराजांचा भाचा, दुसरी भाच्याची बायको, तिसरा भाच्याचा ड्रायव्हर. भाच्याचा दर सर्वांत कमी निघाला. हा चमत्कार मात्र कोणाला दाखवला नाही. आणि यंत्रासाठी पैसा कुठून आणायचा? तर गल्ल्यांचे पाइप बदलायला ठेवलेला होता ना, तोच.

सभेच्या आदल्या दिवशी मेघा मॅडम रतनलालच्या दुकानात आल्या. सावद्याच्या, इथल्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. कुसुमकडे त्यांचं जाणं-येणं होतं. चौकात लागलेल्या फ्लेक्सवर त्यांनी कुसुमचा फोटो बघितला होता. वर महाराज, खाली नाना, मध्ये कुसुम.

"काका, उद्या तुम्ही बोलणार म्हणे."

"बोलणार. पेल्यातली घाण मी माझ्या डोळ्यांनी पाहिली मॅडम. तुम्ही नव्हत्या तिथं."

मेघा मॅडम वाद घालायला बसल्या नाहीत. पोत्यांच्या थप्पीजवळ टोकदार, पन्हाळीसारखी परखी पडली होती. पोत्यात खुपसून धान्य बाहेर काढायची. ती त्यांनी उचलली.

"शेतकरी मूठभर ज्वारी तुमच्यासमोर धरतो, तेव्हा तुम्ही भाव सांगता?"

"खुळा आहे का मी? वरची मूठ कोणीही चांगली आणतो. मी माझी परखी घालतो, पोत्याच्या बुडात."

"मग त्या दिवशी पेले कोणाचे होते? पाणी कोणी भरलं? सळई कोणाची?"

रतनलालनं त्यांच्या हातातून परखी परत घेतली. त्याला राग आला होता. कोणावर, ते त्याला लगेच कळलं नाही. उभ्या आयुष्यात त्यानं विकणाऱ्याच्या हातातला नमुना बघून पसाभर ज्वारी घेतली नव्हती, आणि कुसुमच्या मरणाचा पुरावा तेवढा त्यानं तसाच घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. आवार परत गच्च. महाराजांनी पेले मांडले. नानांनी रतनलालला माईकपाशी बोलावलं आणि दुःखी चेहरा केला. तो त्यांना चांगला जमायचा.

"मी व्यापारी माणूस," रतनलाल म्हणाला. "माल गाव घेतंय, तर तपासायचा तो गावाच्या हातानं. सळई मेघा मॅडम सोडतील. महाराजांच्याच शुद्ध पाण्यात."

महाराज म्हणाले, साधनेवाचून हात लावला तर यंत्राचा कोप होईल. मागून कोणीतरी म्हणालं, होऊ द्या, यंत्र अजून घेतलेलं नाही. लोक हसले. इतक्या लोकांपुढे, मेलेल्या बाईच्या नवऱ्याला नाही म्हणायची नानांची छाती झाली नाही.

मेघा मॅडमनी महाराजांच्या नितळ पेल्यात रतनलालच्या घरचं चिमूटभर मीठ टाकलं, ढवळलं आणि सळया सोडल्या. पाणी पिवळं झालं, मग तांबूस, मग गुठळ्या तरंगायला लागल्या. गंगा आपण गंगा असल्याचं विसरली.

"मीठ तामसी असतं," महाराज घाईनं म्हणाले. "हे मिठातलं पाप निघालं."

"मंग बाबा, तू अळनी खास का?" दगडीबाईनं विचारलं.

आवारात असा हशा पिकला की भाचा वायर गुंडाळायला लागला. मेघा मॅडमनी सळया वर धरल्या. एक लोखंडाची होती, खाऊन खडबडीत झालेली.

"गाळ पाण्यातून निघत नाही, या लोखंडातून निघतो," त्या म्हणाल्या. "आपल्या पाण्यात थोडे क्षार असतात, म्हणून त्यातून वीज जाते आणि सळई झिजते. यांच्या पाण्यातले क्षार फिल्टरनं आधीच काढलेत, त्यातून वीज जात नाही. मीठ टाकलं की जाते. मंत्राचं काम नाही, भिंतीतल्या बोर्डाचं आहे."

रतनलालनं हळू आवाजात विचारलं, "म्हणजे त्या दिवशी मी बघितलं ते काहीच नव्हतं?"

"काहीच नव्हतं काका. पण हे बघा." त्यांनी पर्समधून दोन लहान बाटल्या काढल्या, पाण्यात मैला असला की काळ्या पडणाऱ्या. दोन्ही त्यांनी स्वतः भरून ठेवल्या होत्या. टाकीवरच्या पाण्याची पिवळीच राहिली होती. रतनलालच्या गल्लीतल्या पाण्याची काळी पडली होती. "टाकीत पाणी चांगलं आहे. मैला गल्लीतल्या पाइपात शिरतो. यंत्र टाकीवर बसवून काय होणार?"

रतनलालनं काळी बाटली हातात घेतली. कुसुम दिसायला नितळ असलेल्या पाण्यानं गेली होती. तेच पाणी तो स्वतः पेल्यात ओतून तिच्या उशाशी ठेवत होता.

तो परत माईकपाशी गेला.

"नानांनी मला चार शब्द बोलायला बोलावलं, ते बोलतो. माझी बायको गेली. तिचा फोटो लावून तुम्ही तांब्याची नळी विकत होता, आणि मी रडत उभा राहून गिऱ्हाईक आणून देत होतो. लोकहो, रडणाऱ्या माणसाला काहीही विकता येतं. म्हणून सांगतो, पालिका तुमच्या पैशानं काही घेत असेल तर तिथं जा. नमुना कोणी आणला, तपासला कोणी, अटी कोणाच्या मापानं शिवल्या, ते विचारा. हात जोडायचे तर घरी जोडा. इथं परखी घेऊन या."

खाली बसलेली दगडीबाई उठली. "ते बठ्ठं ठीक शे. आमना पाइप कव्हय टाकतस, ते सांगा नाना."

नाना महाराजांना शोधत होते. महाराज गाडीत बसले होते.

यंत्राचा विषय त्या सभेत बारगळला. पाइपाचं खोदकाम उन्हाळ्यात सुरू झालं, तेही रतनलाल आणि गल्लीतल्या बायका दर सभेला जाऊन बसायला लागल्या तेव्हा. जुना पाइप गटारातून वर काढला तर त्याची चाळण झाली होती.

चौकातला फ्लेक्स मात्र रतनलालनं सभेच्याच संध्याकाळी उतरवला. ज्वारीच्या पोत्यांची सुतळी कापायच्या कात्रीनं मधला फोटो कापून घेतला. महाराज आणि नाना राहिले त्या तुकड्याची त्यानं घडी घातली आणि दुकानाच्या गळक्या पत्र्यावर टाकली. गळणं थांबलं नाही.