लू ब्रॅनिकची कॅसेट

मित्रांनो, हे सांगायचंच नाही असं मी ठरवलं होतं. चहाडी करणं बरं नाही. पण तीन वर्षं मी इंग्लंडातल्या स्लाऊ गावात एका कपाटावर, जुन्या हीटरमागे पडून आहे. आणि माझ्या मालकाला वाटतंय, मी कचऱ्यात गेले. मग म्हटलं, बोलूनच टाकू.

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. तीन तासांची. १९८६ साली गोदामात काम करणाऱ्या विष्णूने मला विकत घेतलं. टीव्हीवर लू ब्रॅनिकवर तीन तासांचा कार्यक्रम लागणार होता, तो उतरवायला. लू म्हणजे हॉलिवुडचा जुना नट. मुळात नाचणारा, पण चेहरा दगडासारखा, म्हणून स्टुडिओने त्याला गँगस्टर केलं. पहिलाच पिक्चर तुफान चालला आणि बिचारा अडकला. तीस वर्षं तेच. टोपी, पिस्तूल, शेवटी मरण. पोलिसांना खबर देणारा बहुतेक वेळा त्याचाच दोस्त. विष्णू टीव्हीला सांगायचा, "अरे मागे बघ ना, येड्या." दर वेळी सांगायचा.

रेकॉर्डिंग झाल्यावर विष्णूने स्क्रूड्रायव्हरने माझ्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा छोटा तुकडा तोडला. तो नसला की माझ्यावर दुसरं काही उतरत नाही. मला भारी वाटलं. आता मी कायमची लूची.

१९९१ला विष्णूला बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. तिथल्या खोलीत व्हिडिओ नव्हता, म्हणून त्याने मला स्लाऊमधल्या मित्राकडे, उदयकडे ठेवलं.

"जपशील ना?"

"तुझ्यापेक्षा जास्त. बस?"

दोन वर्षं जपलं, खोटं कशाला बोलू. मग एप्रिलमधला एक रविवार आला. उदयचे मामा दादासाहेब आंबेडकर जयंतीबद्दल अकरा वाजता टीव्हीवर बोलणार होते. घरात कोरी कॅसेट नाही, आणि रविवारची दुकानं बंद.

"विष्णूची आहे ती," त्याची बायको मंजिरी म्हणाली. "फोन तरी कर त्याला."

"पाच मिनिटांचा प्रश्न आहे गं. सुरुवातीचं नाचबीच जाईल फक्त."

आणि तुटलेल्या तुकड्याच्या जागी त्याने सेलोटेप चिकटवली. एवढंच लागतं, मित्रांनो. इंचभर सेलोटेप.

मामा चाळीस सेकंद दिसले. लगेच फोन सुरू. वॉटफर्डची मावशी म्हणे, "टाय छान होता दादाचा, पण बोलू कुठे दिलं त्याला?" मग सगळे मामांकडेच जेवायला गेले. मशीन बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. लूच्या नाचावर चर्चमधली गाणी आली. त्याच्या पहिल्या खुनावर बागकाम. मला ओरडता येत नाही. ते परत आले तेव्हा दोन तास पन्नास मिनिटं गेली होती.

जूनमध्ये विष्णू आला, बिस्किटांचा डबा घेऊन. बसायच्या आधीच म्हणाला, "लूला लाव रे."

"अरे, सांगायचं राहिलं," उदय म्हणाला. "मशीनने खाल्ली ती. टाकून द्यावी लागली."

मी चार हातांवर होते, पडद्यामागे. कपाटावर हीटरमागे त्याने मला नंतर सारलं.

विष्णूने बिस्किटांचा डबा टेबलावर ठेवला. मग उलट त्यालाच म्हणाला, "जाऊ दे. तू नको वाईट वाटून घेऊस." मंजिरी चहा ओतत होती. तिने नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पुसली गेले त्याचा एवढा राग नाही. चूक होते. पण मला जिवंतपणी मेली म्हणून सांगितलं, आणि विष्णू त्यालाच धीर देत बसला, ते मला गिळता येत नाही. मित्रांनो, कुणाची वस्तू तुमच्या हातून बिघडली, तर बिघडलेलीच परत द्या. ती त्याची आहे. बघून रडायचं की फेकायची, तो ठरवेल.

कारण मी पूर्ण पुसलेली नाही. शेवटची दहा मिनिटं शाबूत आहेत. त्यात लू म्हातारा आहे, ओसरीत बसून टोमॅटोच्या रोपांबद्दल बोलतोय, मधेच हसतोय.

विष्णू, इथे ओल आहे, माझी फीत चिकटायला लागली आहे. पण ती दहा मिनिटं गुंडाळीत सगळ्यात आत आहेत, तिथवर ओल सगळ्यात शेवटी पोचेल. तू कधी आलास आणि मला मशीनमध्ये घातलंस, तर तेवढी मी न अडकता दाखवीन. शब्द देते.