येतो म्हण की

"कुठला देव हाय तिथं?" गणपतरावांनी विचारलं.

"देव न्हाय. समुद्र हाय," चिमणाबाई म्हणाल्या.

"मग कशाला जायाचं?"

तसं त्यांचं चुकत नव्हतं. कसबा बावड्यातल्या या घरातून आजवर जो कोणी हिंडायला बाहेर पडला तो देवालाच. चैत्रात जोतिबा, फार तर तुळजापूर. देव नसलेल्या ठिकाणी माणूस एकतर नोकरीला जातो नाहीतर दवाखान्यात, अशी गणपतरावांची पक्की समजूत. आणि ही बाई अंदमानातल्या कुठल्याशा वीतभर बेटावर नुसतं बसायला जायचं म्हणत होती!

बेट लेकीनं दाखवलं होतं. पुण्यात नोकरीला असलेल्या निशिगंधानं दिवाळीला आली तेव्हा मोबाईल पुढं केला. पांढरी वाळू, नारळाची झाडं, पाण्याकडं तोंड करून एक खोली. "आपण दोघीच जाऊ, आई. तिथं सगळं हातात आणून देत्यात."

"च्यासुद्धा?"

"च्यासुद्धा."

आपण ढिम्म बसलोय आणि दुसरंच कोणी चहा आणून देतंय, हे चित्र चिमणाबाईंच्या डोक्यात जे बसलं ते काही केल्या निघेना.

"देव न्हाय म्हनूनच जायाचं," आता त्या म्हणाल्या. "नवस न्हाय, निवद न्हाय, पोळ्या लाटायला न्हाईत. मला एकदा तरी रिकाम्या हातानं बसायचं हाय."

"बस की. आनि चंद्रीचं काय?" गणपतरावांनी हुकमाचं पान टाकलं.

चंद्री म्हणजे गोठ्यातली म्हैस. चिमणाबाईंच्या हाताशिवाय पान्हा सोडेल तर शपथ! दुसरं कोणी कासेला बसलं की दूध चोरायची, वर लाथ घालायची. गणपतराव तरुणपणी तालमीत नाव काढलेले पैलवान, पण त्यांनाही तिनं एकदा बादलीसकट शेणात बसवलं होतं. चंद्रीच्या आधी तिची आई होती, तीही त्याच वळणाची. त्यामुळं चिमणाबाई माहेरच्या लग्नातसुद्धा अक्षता पडल्या की चपला शोधायच्या. घरातून निघताना "जातो" म्हणू नये, अशुभ असतं, म्हणून उंबऱ्यावर "येतो" म्हणायच्या. कोल्हापूरची बाई 'येते' कशाला म्हणेल? आणि सांजच्या धारेला त्या खरोखरच आलेल्या असायच्या. कोणी "राहा की" म्हणालं, की गणपतराव म्हशीचं नाव काढायचे आणि विषय संपायचा.

आज मात्र चिमणाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं आपल्याला बांधून ठेवलं ते म्हशीनं नव्हे, हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं. त्या उठल्या. धारेच्या वेळी नेसायचं निळं पातळ खुंटीवरून काढलं आणि नवऱ्याच्या मांडीवर टाकलं.

"नेसा."

"काय?"

"ह्या पातळाचा वास वळखती ती. डोईवरनं पदर घ्या, तोंडातनं शबुद काढू नगासा, आनि बसा धारेला."

ही युक्ती गणपतरावांना ठाऊक नव्हती असं नाही. म्हशी राखणाऱ्या घराघरांत ती ठाऊक असते. फक्त कुठला बाप्या ती केल्याचं कबूल करत नाही.

"पैलवान मानूस मी! गल्लीत तोंड कसं दावू?"

"चाळीस वर्सं मी नेसलो. माझं तोंड कुठं गेलं?"

त्या संध्याकाळी चिमणाबाई गोठ्यात गेल्याच नाहीत. पायरीवर मांडी घालून बसल्या. चंद्री ओरडायला लागली. तिच्या ओरडण्यानं चिमणाबाईंच्या काळजाला घरं पडत होती, पण आज उठलो तर मेल्यावरच सुटणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्या हलल्या नाहीत. शेवटी गणपतराव तोंडातल्या तोंडात शिव्या देत उठले आणि पातळ बगलेत मारून गोठ्यात शिरले.

थोड्या वेळानं शेजारचा आकाराम किटली घेऊन आला. गोठ्याच्या दाराशी उभा राहून म्हणाला, "वैनी, जरा लवकर द्या, पावणं आल्यात."

"वैनी हितं हाय, भावजी," चिमणाबाई पायरीवरून म्हणाल्या. "आत तुमचं पैलवान हायत."

आकारामनं वाकून बघितलं. पदराखाली झुपकेदार मिशा दिसल्या आणि त्याच्या हातातली किटली खाली पडली. गणपतरावांना उठता येईना, बोलताही येईना. चंद्रीनं पान्हा सोडला होता. ते नुसते डोळे वटारून धार काढत राहिले. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला कळलं आणि चिमणाबाईंनी लेकीला फोन लावून तिकिटं काढायला सांगितली.

निघायच्या दिवशी गाडी आली ती ऐन पहाटेच्या धारेला. निशिगंधा पिशव्या घेऊन पुढं गेली. नवी साडी नेसलेल्या चिमणाबाई गोठ्याच्या दारात आल्या. आत निळं पातळ बादलीवर वाकलं होतं आणि धारांचा आवाज छान एका लयीत येत होता.

"जातो," त्या म्हणाल्या.

धार थांबली. "अगं, येतो म्हण की!" गणपतरावांनी पदरातनं तोंड बाहेर काढलं. "येतो म्हनावं!"

चंद्रीनं कान टवकारले.

"बोलू नगासा, दूध चोरंल ती," चिमणाबाई म्हणाल्या. "आजवर येतोच म्हनत आलो. आता जातो."

आणि त्या गाडीकडं निघाल्या.