अठ्ठावीस सेकंदांचा रस्ता

वाहतूक नियोजन विभागात त्यांना सगळे नकाशेसाहेब म्हणत. खरं आडनाव वेगळंच होतं, पण बावीस वर्षं नकाशांवर ओणवं राहून ते कधीच झिजून गेलं होतं. शहरातल्या प्रत्येक बसथांब्याची जागा त्यांना तोंडपाठ होती. बसमध्ये शेवटचं कधी बसलो, हे मात्र सांगता आलं नसतं.

जलद बसमार्गाचा आराखडा म्हणजे त्यांचं लेकरूच. तीन खंड, चारशे पानं. त्यातली एक युक्ती त्यांना फारच देखणी वाटे. रुग्णालयाच्या फाटकासमोरचा थांबा उचलून मोठ्या रस्त्याच्या पलीकडे न्यायचा, म्हणजे बसचं आत वळणं वाचतं आणि फेरीमागे चार मिनिटं हाती लागतात. ही चार मिनिटं त्यांनी घरी जेवताना इतक्यांदा वाढली की शेवटी बायको म्हणाली, "पुरे आता, पोट भरलं."

कायद्याप्रमाणे महिनाभर लोकांच्या हरकती मागवल्या. अकरा आल्या. दहा दुकानदारांच्या, गाड्या कुठे लावायच्या म्हणून. अकरावीखालची सही बघून नकाशेसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीची सही! ताई त्याच रुग्णालयात तीस वर्षं नर्स होती. निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून दोनदा गुडघ्याच्या पेशंटांना चालवायला जायची.

त्यांनी लगेच फोन लावला. "ताई, अगं, घरी बोलायचंस ना!"

"घरी तू ऐकत नाहीस. सुनावणीत ऐकणं तुला कायद्यानं भाग आहे."

तिथेही ऐकायचं त्यांच्या मनात नव्हतंच. अकराही हरकतींची उत्तरं त्यांनी सुनावणीच्या आठवडाभर आधीच टाइप करून ठेवली होती : 'नोंद घेतली. बदल आवश्यक नाही.'

सुनावणीला मुख्य अभियंते अध्यक्ष होते. ताई उभी राहिली आणि सख्ख्या भावाला 'आपण' म्हणाली, तेव्हाच नकाशेसाहेबांनी ओळखायला हवं होतं.

"साहेब, आपण रस्ता ओलांडायला किती वेळ दिलाय?"

"रस्ता चौतीस मीटर. माणूस सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास चालतो. म्हणून अठ्ठावीस सेकंदांचा सिग्नल. सगळं नियमात बसतं, बाई." 'बाई' म्हणताना त्यांची जीभ जराशी अडखळली.

"कुठला माणूस?"

"सरासरी माणूस."

"सरासरी माणसाला कशाला रुग्णालयात यावं लागेल? मी घड्याळ लावून मोजलंय. आमच्या लोकांना पन्नास सेकंद लागतात."

इथे नकाशेसाहेब गप्प बसले असते तर ती हरकत फायलीत सुखानं झोपली असती. पण त्यांच्या अंगात आलं. "मी चौपन्न वर्षांचा आहे, पोट सुटलंय, आणि मी स्वतः चालून दाखवतो!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रुग्णालय जवळच होतं. सकाळपासून बसून आखडलेल्या अभियंत्यांनाही पाय मोकळे करायचे होते. अख्खी सुनावणी उठून रस्त्यावर आली.

नवा सिग्नल तिथे प्रयोग म्हणून महिनाभर आधीच बसवला होता. ताई म्हणाली, "पेशंटच्या हातात पिशवी असते. तूही काहीतरी घे." म्हणून त्यांनी आराखड्याचे तिन्ही खंड छातीशी धरले.

हिरवा दिवा लागला. साहेब ऐटीत निघाले. आठ पावलं गेले तोच वळणावरून एक मोटारसायकल आली, तिला जाऊ द्यावं लागलं. मागोमाग दुसरी. मग एक टेम्पो. सरासरी माणसासमोर टेम्पो येतो, हे चारशे पानांत कुठेच नव्हतं. रस्त्याच्या मध्यावर पोचले आणि दिवा बदलला. दोन्ही बाजूंनी गाड्या सुटल्या.

पूर्वी तिथे, रस्त्याच्या मधोमध, थांबायला एक ओटा होता. एका दुपारी, रस्त्याला दोन मीटर जास्त मिळावेत म्हणून, त्यांनीच तो नकाशावरून खोडरबरानं पुसला होता; नवा सिग्नल बसवताना तो रस्त्यावरूनही गेला. पुसल्यावर फुंकर मारल्याचंही त्यांना आता लख्ख आठवलं. त्या फुंकरीत आपण स्वतःच उडालो, असं त्यांना वाटलं. डोळे गच्च मिटून, खंड कवटाळून, अंग चोरून ते उभे राहिले.

एका बसवाल्यानं ब्रेक दाबला आणि खिडकीतून डोकं काढलं. "काका, घरी सांगून निघालात ना?"

दोन मिनिटांनी पुन्हा हिरवा दिवा लागला. ताई आली, तिनं त्यांचं मनगट धरलं आणि पलीकडे नेलं. पलीकडे पोचल्यावरही ती मनगट सोडेना.

"अगं सोड आता, लोक बघतायत."

"थांब. एकशे अठरा," ती म्हणाली. नाडी मोजत होती.

त्या दुपारी त्यांनी अकराव्या हरकतीचं टाइप केलेलं उत्तर खोडलं आणि हातानं लिहिलं : 'हरकत योग्य आहे. नियोजनकाराने जागेवर जाऊन पाहिले नव्हते.' मुख्य अभियंत्यांनी ते दोनदा वाचलं. "अहो, हा तर घरचा आहेर! समिती सगळा आराखडा परत पाठवेल. आठ महिने जातील."

"जातील," नकाशेसाहेब म्हणाले. सही त्यांनी ठळक केली.

आठ नाही, चौदा महिने गेले. बढतीच्या यादीतून त्यांचं नाव गळलं. ऑफिसात कुणी जिना उतरायला लागलं की मागून कुणीतरी हमखास म्हणे, "साहेबांना हात द्या रे!" त्यावर तेही हसत. पहिले काही दिवस तोंडदेखलं, मग खरंच. शेवटी मंजूर झालेल्या आराखड्यात सिग्नल पन्नास सेकंदांचा होता, मधला ओटा परत आला होता आणि फेरीमागे चारऐवजी तीन मिनिटं वाचत होती.

काम पुरं झाल्यावर ताईला घेऊन ते बघायला गेले, तेही बसनं. पन्नासातले निम्मे सेकंद शिल्लक असतानाच आरामात ओट्यापर्यंत पोचले. ओटा छान, रुंद. आणि बरोबर मधोमध विभागाच्या नावाच्या पाटीचा जाडजूड खांब.

"चाकांची खुर्ची कशी जायची इथून?" ताईनं विचारलं.

"नाही जाणार. उद्याच पत्र लिहितो."

"कुणाला? खांबाची जागा कुणी दाखवली?"

नकाशेसाहेबांनी खांबाकडे बघितलं, मग बुटांकडे. "मलाच लिहावं लागेल," ते म्हणाले.

ताई इतकी हसली की तो दिवाही हातचा गेला.