सकाळची उंची

सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजायच्या आधीच लाटंबार्शाच्या मैदानावरचा मांडव भरला होता. डिचोलीहून दोन टेम्पो आले होते, पेडण्याहून एक. ऐन हंगामात काजूचे बोंडू झाडाखाली सडत ठेवून माणसं रांगेत बसली होती, म्हणजे बाब तशीच मोठी होती. वर्धनानंद महाराज एका रात्रीत माणसाची उंची वाढवत होते.

सुमंगला सगळ्यांत मागे उभी होती. पुढचं तिला काही दिसत नव्हतं. आयुष्यातले बहुतेक सोहळे तिने लोकांच्या पाठी आणि पिशव्या बघतच पार पाडले होते. वय बेचाळीस, उंची पावणेचार फूट, गावात शिवणकामाचं दुकान. शेजारच्या संजनाची आठ वर्षांची अंकिता आज मापाच्या खांबापाशी उभी राहणार होती, म्हणून ती आली होती. अंकिताचं हाडही तिच्यासारखंच, जन्मापासून आखूड.

"देहात वृद्धिकणिका सुप्त असतात," महाराज माइकवर सांगत होते. "पापाच्या ओझ्याखाली त्या निजल्या आहेत. काल संध्याकाळी आपण ते ओझं डोक्यावर घेऊन फिरलो, आज ते उतरलं. आता वैश्विक ऊर्जा कण्यातून वर चढते आहे. मोबाइल बंद करा." वैश्विक ऊर्जेला मोबाइलची एवढी धास्ती का, हे कुणी विचारलं नाही.

दोन सेवेकऱ्यांनी अंकिताला रात्रभर निजवलेल्या चटईवरून उचलून थेट खांबाला टेकवलं. काल संध्याकाळी ओढलेली कुंकवाची रेघ खांबावर होतीच. आज डोक्यावर पट्टी धरून दुसरी ओढली. दोन रेघांमध्ये चांगलं अर्धं बोट अंतर निघालं. शंख वाजला, संजना रडायला लागली आणि मांडवभर जयजयकार झाला. गर्दी ओसरल्यावर सुमंगलाने जाऊन खांब हलवून पाहिला, टेपने दोन्ही रेघा मापल्या. सिमेंटात रोवलेला होता, रेघाही खऱ्या होत्या. पोर वाढलं होतं यात खोट काढायला जागा नव्हती.

असले महाराज तिला नवे नव्हते. लहानपणी आईने तिला आंब्याच्या फांदीला लोंबकळवलं होतं, वास सहन होत नाही असली तेलं पायांना चोळली होती. आता ते सगळं मागे पडलं, पण रोजचं उरलंच. बसच्या पायरीशी कंडक्टर न विचारता काखेत धरून उचलतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अनोळखी बाया तिच्याकडे बोट दाखवून पोरांना हसवतात. बँकेत काउंटरमागचा माणूस आवाज कुठून आला म्हणून इकडेतिकडे बघतो. याचं दुःख करणं तिने केव्हाच सोडलं होतं. कंटाळा मात्र रोज नव्याने यायचा.

दुपारी संजना अंकिताला घेऊन दुकानात आली.

"बघितलंस मगो, सुमंगलाबाय? अर्धा बोट वाढला माझा चेडू."

"बघितलंय. मंगळवारी हॉस्पिटलात कधी जातास?"

"आता जावचा नाय. महाराज म्हणतत, मशिनीची सावली पडली की वाढ थांबता. आयतवारी दुसरी बैठक आसा. ह्या खेपेक पाच नारळ घेतल्यान, आता धा."

"नारळ कसले?"

"डोक्यार घेवन एकवीस फेरे घालूचे. पापाचा ओझा."

सुमंगलाची कात्री थांबली. दोन महिने अंकिताच्या पायांना मुंग्या येत होत्या, म्हणून डॉक्टरांनी मणक्याचा फोटो काढायला सांगितला होता. अशा हाडांत नसांची वाट आधीच अरुंद असते, पोरीच्या डोक्यावर वजन देऊ नका, हे त्यांनी दोनदा बजावलं होतं. ते ऐकायला संजनाबरोबर सुमंगलाच गेली होती.

"डॉक्टरान काय सांगला, इसारलंस?"

"डॉक्टरान अर्धा बोट वाढवल्यान काय?" संजना म्हणाली.

अंकिता बाकावर बसून पायांचे तळवे चोळत होती.

संध्याकाळी दुकान बंद करताना ती सवयीने वीट शोधायला वाकली. दाराची कडी बाहेरून, अगदी वर. दुकान गोकुळदासांचं, भाड्याचं. सागवानी दाराला नवी भोकं पाडायची नाहीत, असं त्यांनी पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं. सकाळी चवड्यांवर उभं राहिलं की तिच्या बोटाचं टोक कडीला लागायचं आणि कडी सरकायची. संध्याकाळी तीच कडी अर्धं बोट लांब राहायची, मग पायाखाली वीट घ्यावी लागायची. वीस वर्षं ती समजत होती, दमल्यामुळे हात पोचत नाही. उंच माणसाला अर्ध्या बोटाचा हिशेब कधी ठेवावाच लागत नाही. तिचा दिवस त्यावरच चालायचा.

आज वीट हातात घेतल्यावर तिला खांबावरचं अर्धं बोट आठवलं. मग तशीच संजनाकडे गेली आणि अंकिताला भिंतीशी उभं करून टेपने मापलं. पोर काल संध्याकाळच्या रेघेवर परत आलं होतं.

"तुझी दिश्ट लागली तेका," संजना म्हणाली आणि दार लावून घेतलं.

सुमंगलाला लागलं. रात्रभर लागून राहिलं. पण रविवार जवळ येत होता.

शुक्रवारी संध्याकाळी गोकुळदास झब्ब्याचं माप द्यायला आले. सहा फुटी माणूस; महाराजांना मैदान त्यांनीच दिलं होतं. सुमंगलाने त्यांना दाराला पाठ लावून उभं केलं, स्टुलावर चढून डोक्याशी खडूची रेघ मारली आणि म्हणाली, "बाब, लांबी बरोबर येवक होयी तर फाल्या सकाळी खाटीवरसून थेट हंय येवा. च्या घेवक बसा नकात."

झब्बा महाराजांच्या समारोपासाठी होता, त्यामुळे ते विस्कटल्या केसांनी वेळेवर आले. तिने दुसरी रेघ मारली, ती पहिलीच्या अर्धं बोट वर आली. गोकुळदासांनी वळून दोन्ही रेघा पाहिल्या, मग खडू पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं.

"मी फेरे खंय घातलेत?"

"तांच म्हणतंय मी," सुमंगला म्हणाली. "कण्याच्या मणक्यांमदी मऊ चकत्यो असतत. माझी पाठ दुखायची तेवा डॉक्टरान सांगलेल्यान. दिसभर उभ्यान त्यो दबतत, रातची आडवा पडला की फुगतत. सगळ्यांच्योच. महाराज आदी डोक्यार ओझा देवन त्यो दाबतत, मग रातभर निजवतत आणि उठल्याउठल्या मापतत. सकाळचा माप संध्याकाळी परत घेतल्यानी काय कधी?"

गोकुळदासांनी रेघांमधलं अंतर बोटाने मापलं. आणि रविवारी संध्याकाळी, नारळांच्या पिशव्या मांडून ठेवलेल्या असताना, त्यांनी माइक घेतला. आधी वाढलेल्यांना परत मापा, म्हणाले. मैदान त्यांचं, नाही कोण म्हणणार? सहा जण एकेक करून खांबाशी आले आणि सहाही जण आपापल्या जुन्या रेघेला टेकले.

"श्रद्धा घसरली की उंची घसरते," महाराज म्हणाले.

"मगे माझी श्रद्धा वीस वर्सां रोज सकाळी चढता आणि सांजेक उतरता," मागून सुमंगला म्हणाली. लोक हसले आणि पहिल्यांदाच तिला वाट करून दिली.

"बाई, तुझ्या देहावर शाप आहे."

"शाप नाय, हाड आसा," ती म्हणाली. आवाज चढवायचीही तिला ताकद नव्हती. "संजना, चेडवाक इचार, पाय कशे आसत."

अंकिता पिशवी धरून उभी होती. "आवय, मुंगयो कमरेसर येतत," ती हळू म्हणाली. संजनाने पिशवी तिच्या हातातून काढून घेतली आणि उलटी केली. नारळ मांडवात घरंगळत गेले आणि ते उचलायला कुणी वाकलं नाही.

मंगळवारी मणक्याचा फोटो निघाला. वेळेत आलात, डॉक्टर म्हणाले, आणि पुढची तारीख दिली. परतीच्या बसमध्ये अंकिताने विचारलं, "मावशे, मगे शाळेतल्या संडासाची कडी माका कधी पावतली?"

कडी पोचत नव्हती, म्हणून पोर दिवसभर शाळेत पाणी पीत नव्हतं. उंची तिला एवढ्यासाठीच हवी होती. संजनाने तोंड खिडकीकडे फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सुमंगला स्क्रूड्रायव्हर घेऊन शाळेत गेली. चार स्क्रू, दहा मिनिटं. कडी हातभर खाली आली. मुलगी अर्धं बोट वाढावी म्हणून तीन गावं पहाटे उठली होती. या दहा मिनिटांसाठी कुणी उठलं नव्हतं. तेव्हा कुणी चमत्कार दाखवला तर संध्याकाळी एकदा परत माप घ्या, आणि घरातल्या, शाळेतल्या, दुकानातल्या कड्या कुठे बसवल्यात तेही बघा.

शाळेतून ती तडक दुकानात आली. चवड्यांवर उभी राहिली, पण ऊन वर आलं होतं आणि बोट जरासं कमीच पडत होतं. दार गोकुळदासांचं होतं. तिने विचारलं नाही, पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि पायाखाली वीट घेतली, शेवटच्या वेळी.