पितळेची जकात

मित्रांनो, सोनाराचा काटा खोटं बोलत नाही, असं म्हणतात. मी बोललो. साठ वर्षांत एकदाच, पण बोललो.

कल्याणच्या एका बोळात बाबुराव सोनारांचं दुकान आहे. तिथल्या काचेच्या पेटीतला दोन पितळी पारड्यांचा जुना काटा तो मी. एके काळी माझा काय रुबाब होता! गुंजभर सोनंही माझ्या नजरेतून सुटायचं नाही. मग विजेवरचा काटा आला आणि मी शोभेपुरता उरलो. वर्षातून एकदा मात्र माझ्यावरची धूळ पुसली जाते. रमजानच्या आधी हलीमाबी तांबोळी घरातलं सोनं तोलायला येतात, आणि त्यांना मीच लागतो. "त्या लाल आकड्यांचा काय भरोसा?" म्हणतात.

पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं, "जकात काढायचीय." बाबुराव म्हणाले, "जकात? ती तर नाक्यावर ट्रकवाले भरतात ना?" हलीमाबी हसून हसून बेजार झाल्या. मग त्यांनीच समजावलं. साडेसात तोळे किंवा जास्त सोनं असलं आणि ते चांदाच्या हिशेबानं वर्षभर आपल्याकडे राहिलं, की त्याचा चाळिसावा भाग गरिबाचा. "तो भाग माझा नाहीच, बाबुराव. दुसऱ्याचा, माझ्याकडे नुसता ठेवायला दिलेला. उपकार कसला त्यात?" मला ती बाई तेव्हाच आवडली.

यंदा त्यांच्यासोबत धाकटी सून आली, शाहीन. ती आणि तिचा नवरा दिवा स्टेशनजवळ भाड्यानं राहतात. एरवी तिच्या बांगड्या हलीमाबीच घेऊन यायच्या, दरवर्षी नऊ तोळे भरायच्या. तिनं डबी उघडली, बांगड्या माझ्या पारड्यात ठेवल्या, आणि मी ओळखलं. अहो, मी स्वतः पितळेचा. माझ्या जातीचं मला कळणार नाही? घडण तीच, झळाळी तीच, पण सोनं नव्हतं!

खरी गोष्ट मला मागाहून कळली. घोडबंदर रोडच्या ऑफिसातली नवऱ्याची नोकरी दहा महिन्यांपूर्वी गेली होती. घरभाड्यापायी, किराण्यापायी बांगड्या विकल्या गेल्या आणि डबीत त्याच घडणीच्या पितळी आल्या. "अम्मीला कळू देऊ नकोस, तिचं हृदय नाजूक आहे," अशी शपथ नवऱ्यानं घातली होती.

बाबुरावांनी दुसऱ्या पारड्यात नऊ तोळ्यांची वजनं ठेवली. बांगड्यांचं पारडं वरच राहिलं. सासू चष्मा पुसत होती. शाहीननं बाबुरावांकडे पाहिलं, नुसतं पाहिलं. आता पितळ उघडं पडणार, इतक्यात बाबुरावांची करंगळी बांगड्यांच्या पारड्यावर टेकली. मी खाली गेलो. बरोब्बर नऊ तोळे!

"माशाअल्ला," हलीमाबी म्हणाल्या. "आजच्या भावानं चाळिसावा भाग किती, तो काढा."

बाबुरावांचा चेहरा पडला. इतकी वर्षं यांची जकात मोजली, आणि सोनं भरलं की पैसे द्यावे लागतात हेच कसं हो विसरले ते? अब्रू वाचवायला गेले आणि नसलेल्या सोन्याचे सत्तावीस हजार पोरीच्या डोक्यावर बसले.

"परवापर्यंत आणून दे हं शाहीन," हलीमाबी उठता उठता म्हणाल्या. "आणि तुमच्या दिव्यात कुणी अडलेलं असलं तर नाव सांग. लाजायचं नाही. घेणाऱ्याचा हक्कच असतो तो."

शाहीनचे ओठ हलले. बोल गं बाई, बोल! मी आतून ओरडत होतो. पण लोक माझा काटा बघतात, माझं ऐकतं कोण?

"बघते, अम्मी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती एकटी आली आणि कानातली फुलं काढून ठेवली. तिच्या आईनं दिलेली.

"पोरी, माझं चुकलं," बाबुराव म्हणाले. "तुला द्यावी लागतच नाही. उलट तूच घेऊ शकतेस. मी सांगतो हलीमाबींना."

"नको काका, माझी शपथ आहे तुम्हाला. मग यांची नोकरी गेली तेपण सांगावं लागेल."

"मग फुलं तुझ्याकडेच ठेव, पैसे मी देतो."

"तुम्ही माझी इज्जत राखली, बस झालं. तोला."

सोनारानेच कान टोचावेत, असं म्हणतात. आमच्या सोनारानं त्या दिवशी कान मोकळे करून घेतले. या वेळी बोट टेकलं नाही. फुलं अस्सल होती, मी खरं तेच सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला खऱ्याची लाज वाटली. पैसे घेऊन ती सासूकडे गेली. जकात घेणाऱ्यांच्या ज्या यादीत तिचं नाव सगळ्यात वर हवं होतं, त्या यादीसाठी.

मित्रांनो, मला पारडी आहेत, जीभ नाही. तुम्हाला आहे. देणार असाल तर आधी आपल्याच घरातल्या माणसांना नीट विचारा. आणि अडलेले असाल, तर हक्काचं मागायला लाजू नका.

पुढल्या रमजानच्या आधी हलीमाबी पुन्हा येतील. त्या बांगड्या पुन्हा माझ्या पारड्यात पडतील, पुन्हा जकात निघेल, आणि शाहीनच्या कानात आता काही उरलेलं नाही.