तळ्यात उतरलेली पेटी

संचालकांनी तिचं मनगट धरलं.

"थांब जरा. वारा फिरेल अजून."

"आणि नाही फिरला तर, साहेब?"

पडद्यावर फुग्याचा ठिपका शहराकडे सरकत होता. आत्ता दोर तोडला तर खालची पेटी तळ्यात पडणार होती. उशीर केला आणि वारा नाही फिरला, तर वस्तीवर, घरांच्या छपरांवर. मोजणी खाली पाठवणारा रेडिओ सकाळीच मुका झाला होता. जे काही मोजलं होतं, ते पेटीतच होतं.

मागे भिंतीलगत काकू बसल्या होत्या. पेटी त्यांच्या नवऱ्यानं बनवलेली. जमिनीतून वर निघणारी, डोळ्यांना न दिसणारी अवरक्त उष्णता हवेत किती अडकते आणि किती पार निसटून जाते, ते मोजणारी. अर्धं आयुष्य त्यांनी तिच्यात घातलं, आणि ती उडायच्या आधीच ते गेले. बटणापाशी उभी असलेली ती त्यांच्याच हाताखाली शिकलेली, आता मोहिमेची प्रमुख. काकूंना तिनंच आग्रहानं बोलावून घेतलं होतं.

तिनं वळून पाहिलं. काकूंना विचारावं, असं क्षणभर वाटलं. पण हे ओझं त्यांच्या गळ्यात कशाला?

तिनं मनगट सोडवून घेतलं आणि बटण दाबलं.

दोर तुटला, फुगा फाटला. पेटी पॅराशूटला लटकून सावकाश उतरत गेली, आणि पडद्यावरून दिसेनाशी झाली. संचालकांनी चष्मा काढून पुसला. "बरोबर केलंस," ते म्हणाले. पण तिच्याकडे न बघता.

संध्याकाळी ती काकूंना घरी सोडायला निघाली.

"तळ्यावरून जाऊ या का गं?"

तिनं दगडी कठड्यापाशी गाडी थांबवली. शोधायला गेलेली नाव रिकामीच परतत होती. खाली नुसता गाळ, नावाडी म्हणाला.

"काकू, मला माफ करा. काकांचं शेवटचं काम..."

"माफी कसली? त्यांनीही हेच केलं असतं. कुरकुरत, पण केलं असतं."

परतणाऱ्या नावेकडे बघत त्या म्हणाल्या, "खरं सांगू? पेटी सापडली असती, तर कधी ना कधी तुम्ही ती हारतुरे घालून माझ्याकडे आणून दिली असती. मी कुठं ठेवली असती ती? इतकी वर्षं घरात दुसरं होतं काय? जेवताना तीच, झोपेत तीच. सवत परवडली, निदान भांडता तरी आलं असतं."

तिनं गाडीची किल्ली काढली. पाण्यावरून गार वारा येऊ लागला.

"निघू या का?"

"थांब. ती मोजायची काय, ते एकदा सांग मला. त्यांना कधी विचारलं नाही मी."

तिनं काकूंचा हात हातात घेतला आणि दिवसभर तापलेल्या कठड्यावर, दगडाला न टेकवता, धरला.

"लागतेय ऊब?"

"हो."

"ही."

तिनं आपला हात काढून घेतला, तरी काकूंनी त्यांचा तसाच धरून ठेवला.